हरवलेली वारस की वगळलेली वारस?

आमच्या अभ्यासवर्गात दर रविवारी एकाने एक पुस्तक वाचून मांडायचे, असा रिवाज आहे. बहुतेक वेळा बाबासाहेबांचे खंड असतात, कधी फुले, कधी बुद्धचरित्र. मागच्या महिन्यात इंग्रजीत एम. ए. करणाऱ्या एका मुलीने 'लोर्ना डून' ही कादंबरी मांडायला घेतली. काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दीडशे वर्षांपूर्वीची गोऱ्यांची प्रेमकथा घेऊन आपल्याला काय करायचे आहे, असे एकाने विचारलेही. तिने शांतपणे मांडणी केली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "या कादंबरीतली वारस हरवली होती, म्हणून तिचा हक्क बुडाला. माझी आई तर कुठेच हरवली नव्हती. चार कोसांवर सासरी होती. मग तिचे नाव सातबाऱ्यावर का नाही?" त्यानंतर वर्ग दोन तास लांबला. हा लेख त्या दोन तासांतून निघाला आहे.

आधी कादंबरी. आर. डी. ब्लॅकमोर यांची ही ऐतिहासिक कादंबरी १८६९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. काळ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, स्थळ इंग्लंडच्या नैऋत्येकडचा एक्समूरचा माळरानी डोंगराळ मुलूख. जॉन रिड हा तिथला शेतकरी गोष्ट सांगतो. डून नावाचे एक उमराव घराणे मालमत्तेच्या वादात सर्वस्व गमावून या मुलखात येऊन बसले आहे आणि आता दरोडे घालून जगते आहे. जॉनच्या बापाला त्यांनीच मारले. त्यांच्या खोऱ्यात लोर्ना नावाची मुलगी वाढते आहे. जॉन तिच्या प्रेमात पडतो. पुढे उलगडते की ती डूनांची मुलगीच नव्हे. लहानपणी पळवून आणलेली ती एका मोठ्या सरदार घराण्याची वारस आहे. अंगठीवरचे घराण्याचे चिन्ह, काचेचा समजलेला पण हिऱ्यांचा निघालेला हार आणि एका इटालियन दाईची आठवण, यांवरून तिची ओळख पटते. मग लंडनचे न्यायालय तिला पालकत्वाखाली घेते, ती दरबारात जाते, परत येते, जॉनशी लग्न लागते. लग्नाच्या वेदीपाशी तिला गोळी लागते, पण ती वाचते. वाचक सुटकेचा श्वास टाकतो.

या साच्याच्या शेकडो कादंबऱ्या जगात झाल्या. आपल्याकडच्या सिनेमांनी तर हा साचा झिजवून टाकला. जत्रेत हरवलेले मूल, दंडावरची खूण, गळ्यातले लॉकेट, वाड्यातला म्हातारा नोकर, आणि शेवटी "हीच ती!" लोकांना हे आवडते, यात आम्हाला काही वाईट दिसत नाही. ज्याचे हिरावले त्याला परत मिळावे ही माणसाची साधी न्यायबुद्धी आहे, आणि ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या हिरावले गेले त्या समाजाला तर ती भूक जास्तच असणार. आमचा आक्षेप वेगळा आहे. या गोष्टी अन्यायाचे कारण एखाद्या दरोडेखोराच्या, दुष्ट काकाच्या किंवा कारस्थानी कारभाऱ्याच्या माथी मारतात. तो मेला की सगळे ठीक. कायदा मात्र गोष्टीत नेहमी न्याय देणारा असतो. इतिहासात उलटे आहे. मुलीचा हक्क बुडवायला दरोडेखोराची गरज क्वचितच पडली. कायद्यानेच ते काम केले.

लोर्नाचेच बघा. डूनांनी तिला जिवंत का ठेवले? तिचे लग्न आपल्या कार्व्हरशी लावले की तिची मालमत्ता आपल्या हाती येईल, म्हणून. हा दरोडेखोरांचा हिशेब आहे असे कादंबरी सांगते. पण तो त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याचाच हिशेब होता! लग्न झाले की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई आणि तिच्या जमिनीचे उत्पन्न व कारभार नवऱ्याच्या हाती जाई. श्रीमंत बाप वेगळी करारनाम्याची तजवीज करत, ती गोष्ट निराळी. कादंबरी छापली गेली तेव्हाही हीच स्थिती होती. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा पहिला कायदा इंग्लंडमध्ये १८७० साली झाला आणि खरा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे कार्व्हर डून वाईट आणि जॉन रिड चांगला हे खरे असले, तरी कायद्याच्या नजरेत दोघांशी लग्न करण्यात वारशापुरता फरक फार नव्हता.

आणखी एक गोष्ट. कादंबरीच्या मागे १६८५ चे मॉन्मथचे बंड आहे. त्या बंडात नैऋत्य इंग्लंडचे शेतकरी, विणकर, कारागीर सेजमूरच्या लढाईत कापले गेले. नंतर न्यायाधीश जेफ्रीजने शेकड्यांनी फासावर दिले आणि शेकडो लोकांना वेस्ट इंडिजच्या मळ्यांवर बांधील मजूर म्हणून पाठवले. यांचे वारस कुठे गेले? त्यांच्या मुलींच्या गळ्यात हिऱ्यांचा हार नव्हता, म्हणून त्यांना कोणी ओळखायला आले नाही. ज्याच्याकडे इस्टेट होती त्याचीच मुलगी 'हरवू' शकते. भूमिहीनाची मुलगी नुसती निघून जाते.

हे ज्याला अतिशयोक्ती वाटेल त्याने वॉल्टर स्कॉटची १८१५ ची 'गाय मॅनरिंग' वाचावी. तिथे हरवलेला वारस मुलगा आहे, एलनगोवनच्या जमीनदाराचा हॅरी. पाच वर्षांचा असताना त्याला तस्कर उचलून नेतात. गंमत अशी की त्याची बहीण ल्युसी घरातच आहे. बाप मरतो, इस्टेट लिलावात जाते आणि ती उघड्यावर येते. पण कादंबरी शोध घेते तो मुलाचा. त्या जमीनदाराने आपल्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जिप्सींची वस्ती उठवलेली असते, घरांची छपरे पाडलेली असतात. त्याच जिप्सींची मेग मेरिलीज ही म्हातारी शेवटी वारसाला त्याचे घर परत मिळवून देते आणि त्या धडपडीत मरते. वारसाला वाडा मिळतो, मेगला मरण. आमच्याकडे गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या पारधी, कैकाडी, बेरड समाजांच्या कपाळावर जन्मतः चोरीचा शिक्का मारला, त्यांच्या तरुणांनी हे पात्र मुद्दाम वाचावे. स्कॉटने मेगला मोठे मन दिले, धारदार वाणी दिली, पण जमिनीचा एक तुकडा दिला नाही.

आता आपल्या घरात येऊ.

लोर्नाची गोष्ट छापली गेली त्यानंतर पाच वर्षांनी, १८७४ साली, मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला. पाटील-कुलकर्ण्यांपासून महारांपर्यंत सर्व वतने त्याखाली आली. त्यात १८८६ च्या पाचव्या कायद्याने दुरुस्ती झाली. ही दुरुस्ती आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली आहे, म्हणून तिचा आशय नीट सांगतो. वतनदार घराण्यातली प्रत्येक स्त्री, शेवटच्या पुरुष मालकाची विधवा तेवढी सोडून, वारसाच्या क्रमात घराण्यातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलली जाईल. स्त्रीच्या मार्फत हक्क सांगणाऱ्यालाही तोच नियम. म्हणजे बाप वारला, मागे एकुलती एक मुलगी असली, तरी दूरचा चुलतभाऊ आधी. आणि जी विधवा अपवाद म्हणून वाचली, तिचा हक्क तरी किती? मरेपर्यंत, किंवा दुसरे लग्न करेपर्यंत.

हा नियम पाटलाच्या मुलीलाही होता आणि महाराच्या मुलीलाही. पण दोघींचे नुकसान सारखे नव्हते. पाटलाच्या वतनाबरोबर मान होता, जमीन भरपूर होती. महाराचे वतन म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी. सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे पळणे, सारा पोचवणे, मढ्याची खबर देणे, मेलेले जनावर ओढणे, येसकरपाळी. घरातला कर्ता पुरुष हजर नसेल तर कुटुंबातल्या दुसऱ्या कोणालाही, बाईमाणसालासुद्धा, कामाला धरत. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. राबायला बाई चालत होती. वारसाच्या नोंदीत मात्र ती सगळ्यांच्या मागे.

विधवेच्या बाबतीत तर कायद्याने आपल्या चालीरीतीही उलथवल्या. आपल्या जातींत विधवेचा पाट लागत असे. त्यात कमीपणा नव्हता, उलट ब्राह्मणी घरांत केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या विधवेपेक्षा आमची बाई मोकळी होती. १८५६ चा विधवा-पुनर्विवाहाचा कायदा समाजसुधारणा म्हणून शाळेत शिकवला जातो. त्याच कायद्यात एक कलम होते, की पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गमावेल. ज्या जातींत पुनर्विवाह आधीपासूनच चालत होता त्यांना हे कलम लागू व्हावे का, हा वाद न्यायालयांत गेला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने नाही म्हटले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने होय म्हटले. ज्या बायकांना त्या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या हातून त्याने जमीन काढून घेतली. सुधारणेचा इतिहास कोणाच्या अंगणातून लिहिला जातो, ते यावरून कळते.

बाबासाहेबांनी हे सारे फार लवकर ओळखले होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी दाखवले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या पहाऱ्याची साधने. आम्ही त्यात एक पुस्ती जोडतो. ज्या मुलीच्या नावावर जमीन आहे तिच्यावर पहारा ठेवणे अवघड जाते. ती कोणाशी लग्न करील, नवरा सोडील, की एकटी राहील, हे तिच्या हातात येते. म्हणून जात राखायची तर जमीन मुलीकडे जाऊ द्यायची नाही. डूनांनाही एवढेच कळले होते, फक्त त्यांच्याकडे स्मृतिग्रंथ नव्हते.

पुढे १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्याला गावकी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःची करता यावी, हा त्याचा गाभा. शेवटी ते त्यांना मागे घ्यावे लागले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी आणले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर धडकले. हे आपल्याला पाठ आहे. पण वतन मोडायला निघालेला हा माणूसच पुढे मुलीच्या वारसाहक्कासाठी मंत्रिपद सोडतो, यातला धागा आपण क्वचित जोडतो. हिंदू कोड बिलाच्या आधीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेबांच्या प्रवर समितीने तो बरोबरीचा केला. शिवाय जन्मतः केवळ मुलग्यांना हक्क देणारी एकत्र कुटुंबाची मिताक्षरा पद्धतच काढून टाकायची, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून रणकंदन झाले. मुलीला वाटा दिला तर घरे फुटतील, जमिनीचे तुकडे होतील, भाऊ-बहिणीचे प्रेम आटेल, असे म्हटले गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

१९५६ साली झालेल्या हिंदू वारसा कायद्यात मिताक्षरा कुटुंब राहिलेच. मुलीला मिळाला तो बापाच्या वाट्यातला वाटा. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तो हक्क २००५ साली आला, आणि बाप आधी वारला असला तरी मुलीला तो आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. बाबासाहेबांनी मांडलेल्या गोष्टीच्या जवळ पोचायला पन्नासहून अधिक वर्षे लागली, आणि दरम्यान किती पिढ्यांच्या बहिणी मरून गेल्या.

इथवर सगळे सोपे होते, कारण दोष इंग्रजांचा, सनातन्यांचा, काँग्रेसवाल्यांचा होता. पुढचे अवघड आहे. अभ्यासवर्गातही इथेच आवाज चढले.

महार वतने १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने निर्मूलन कायद्याने गेली. सारा-पटीत ठरलेली रक्कम भरून जमिनी मूळ वतनदारांना नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. कित्येकांना ती रक्कम भरता आली नाही, कित्येक जमिनी सवर्णांनी आधीच गिळलेल्या होत्या. तो लढा वेगळा आणि अजून चालू आहे. पण ज्या जमिनी आपल्या हाती राहिल्या, त्यांच्या सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत ते एकदा काढून बघा. आजोबा, मग चुलते, मग चुलतभाऊ. बहिणी कुठे आहेत? महामार्गाच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या मोबदल्याची नोटीस आली की त्या आठवतात. मग भाऊ साडी घेऊन येतो, सोबत हक्कसोडपत्राचा कागद. भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी पडते आणि खाली सही. १८८६ चा कायदा केव्हाच गेला. आपण तो घरात पाळतो आहोत.

वर्गात तीन आक्षेप आले. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, वतन ही गुलामगिरी होती, बाबासाहेबांनी ती मोडायला सांगितली, आता तिच्यात वाटा कसला मागता? आमचे उत्तर असे की गावकी ही गुलामगिरी होती, जमीन नव्हे. बाबासाहेबांनी गावकी सोडून जमीन राखायला सांगितले. आणि त्या गावकीत ज्या आजीने गावच्या वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत झाडलोट केली, तिच्या लेकीचा घाम त्या जमिनीत कमी कसा?

दुसरे म्हणाले, आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा आपल्याला कसा लागू? हा प्रश्न आम्ही बऱ्याच भावांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो नेमका वाटणीच्या वेळीच कसा सुचतो कोण जाणे. उत्तर कायद्यातच आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन, शीख हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. बौद्धांना हिंदूंच्या कायद्यात कोंबण्यावर आपला आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पण त्या आक्षेपाचा उपयोग बहिणीला उपाशी ठेवायला करायचा नाही. ज्या वर्षी हा कायदा आला त्याच वर्षी आपण दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे, आणि तिला कुठले पोटकलम जोडलेले नाही.

तिसरा आक्षेप खरा जड होता. एक तरुण म्हणाला, "वीस गुंठे जमीन आहे, तीन भाऊ, दोन बहिणी. वाटून काय उरणार?" तो खोटे बोलत नव्हता. आपल्याकडे वाटायला इस्टेटच नाही, हेच आपले मूळ दुखणे आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते त्यासाठीच, आणि त्या सत्याग्रहांत बायका लेकरे काखोटीला मारून तुरुंगात गेल्या. पण वीस गुंठ्यांत तीन भावांची नावे मावतात आणि पाच भावंडांची मावत नाहीत, हे गणित आम्हाला पटले नाही. नाव लागले म्हणजे तुकडा पाडलाच पाहिजे असे नाही. सामायिक ठेवा. बहीण स्वतः पैसे घेऊन किंवा न घेता हक्क सोडू म्हणाली तर तिचा अधिकार आहे. पण तिला आधी विचारा, आणि तिला नाही म्हणता येईल अशा जागी विचारा. तिला सणाच्या ताटापुढे विचारू नका.

तरुण मित्रांना दोन कामाच्या गोष्टी. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणी केलेला दस्त लागतो. तलाठ्यापुढे दिलेल्या साध्या कागदावरच्या जबाबाने तो सुटत नाही. आणि फेरफारात नाव नाही म्हणजे हक्क नाही, असेही नाही. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. लोर्नाकडे अंगठी आणि हार होता. आपल्याकडे जुने फेरफार आहेत, वतनाची रजिस्टरे आहेत, शाळेचे दाखले आहेत. ते तहसीलच्या अभिलेखकक्षात धूळ खात पडलेत. अर्ज करून, शुल्क भरून नक्कल मिळते.

परवाच्या रविवारी ती मुलगी आईच्या माहेरच्या जमिनीच्या फेरफाराची नक्कल घेऊन आली. आजोबांच्या वारसांत तिन्ही मामांची नावे आहेत. खाली शेरा आहे की आईने आणि दोन्ही मावश्यांनी स्वखुशीने हक्क सोडला. तिघींच्या नावापुढे अंगठे आहेत. तिची आई सातवी पास आहे, सही करते, बचतगटाचे हिशेबाचे रजिस्टर तीच लिहिते. "मामांशी बोललीस का?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "धाकटे मामा म्हणाले, ताईला काय कमी आहे? मोठे मामा काही बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. मग म्हणाले, तो अंगठा कोणाचा आहे ते मला ठाऊक आहे." आईने अजून काही ठरवलेले नाही. पण मूळ जबाबाच्या नकलेसाठी अर्ज तिने स्वतःच्या सहीने दिला आहे.